सोनियाला विचारायचे बारा प्रश्न

छत्रपती संभाजीनगर,
मंगळवार, दि. ९ डिसेंबर २०२५

सायंकाळी सहा वाजून दहा मिनिटे. शर्टाला इस्त्री करत होतो, ती बाजूला ठेवून लिहायला बसलो.

ती. आक्कास,

सम्यकचा मनापासून जयभीम. वि. वि.

इस्त्रीचे कारण असे, की कालपासून आमचे प्रशिक्षण सुरू झाले आहे आणि तिथे गणवेशात यायचे नाही अशी ताकीद आहे. माझ्याकडे बरा म्हणावा असा साधा शर्ट एकच. तो रोज धुवायचा, रोज कडक करायचा. प्रशिक्षण शुक्रवार दि. १९ पर्यंत चालणार. प्रत्येक ठाण्यातून एक माणूस लहान मुलांच्या कामासाठी नेमायचा आहे: मूल चोरीत सापडले, किंवा मुलावर कुणी अत्याचार केला, तर त्याच्याशी बोलणारा. आमच्या ठाण्यात कुणी हो म्हणेना. शेवटी साहेब म्हणाले, सम्यकला पाठवा, त्याचे अक्षर चांगले आहे.

शिकवायला फौजदार निलोफर मॅडम आहेत. त्या सांगतात, मुलापेक्षा उंच बसू नका, त्याला हात लावू नका, घाई करू नका, आणि ते जे बोलेल ते त्याच्याच शब्दांत लिहा. बोलून झाल्याशिवाय चॉकलेट द्यायचे नाही, नाहीतर मूल चॉकलेटसाठी बोलते. काल नाटक करून दाखवायचे होते. आमच्यात कडुबा हवालदार म्हणून आहेत, निवृत्तीला दोन वर्षे उरलेली, मिशी कानापर्यंत. त्यांना सहा वर्षांची मुलगी केले आणि मला पोलीस. मी पहिलाच प्रश्न विचारला आणि ते खरेच रडू लागले. आधी सगळे हसले. मग मॅडमनी पंखा बंद केला आणि सगळ्यांना बाहेर पाठवले.

तुमच्या वसतिगृहात सरांनी बायांचे फोन कपाटात ठेवल्यापासून तुझा आवाज नाही. म्हणून हे टपाल. सोनिया चौथीत पहिली येणार का, ते कळव. तिला अजून अंथरूण ओले करायची सवय आहे का? तिला मी विचारले असे सांगू नकोस, लाजेल.

माझ्यावर जीव आहे तसाच ठेव.
तुझा भाऊ,
सम्यक

खुलताबाद रोड,
शनिवार, ता. १३ डिसेंबर २०२५

चि. सम्यकला आक्काचे अ. आ.

तुझं पत्र मिळालं. साहेब झालास तरी शर्ट एकच, मग साहेब कसला? पुढच्या पगारात दुसरा घे. लगीन जमवायचं तर पोरीकडचे आधी कपडेच बघतेत.

इथं सगळं बरं हाय. चाळीस पोरी, दोन टायमाचा सैपाक, कंबर मोडती पण तक्रार नाय. दाजी सोडून गेल्यावर मला अन् लेकराला कुणी दारात उभं केलं नव्हतं. सोमनाथ सरांनी काम दिलं, खोली दिली, सोनियाचं नाव पटावर घेतलं. सर लई शिस्तीचे हायेत. त्यांचे उपकार मी विसरत नाय.

सोनियाची सवय अजून हाय. मागल्या हप्त्यात सैपाकघरात खेळता खेळता तिला मांडीला चटका लागला. उलथनं तापलेलं होतं, तिचं ध्यान नव्हतं. मी मलम लावलं. आता बरी हाय, शाळेत जाती. काळजी करू नको. पहिली नाय आली तरी दुसरी येईल.

लोभ वाढता राहू दे.
तुझी आक्का

छत्रपती संभाजीनगर,
मंगळवार, दि. १६ डिसेंबर २०२५

सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटे. चहा ठेवला होता, तो उतू गेला.

ती. आक्कास,

जयभीम. वि. वि.

तुझे पत्र तीनदा वाचले. आक्का, रागावू नकोस. मांडीला चटका खेळता खेळता लागत नाही. हाताला लागतो, बोटाला लागतो. काल मॅडमनी आम्हाला अशाच खुणांचे फोटो दाखवले आणि कोणती खूण अपघाताची, कोणती दिलेली, हे ओळखायला लावले. मी वर्गात पहिला आलो. ते मला आता खुपते आहे.

पोलिसाला असे काही कळले तर त्याने गप्प बसायचे नसते. तरी मी तुझे उत्तर येईपर्यंत थांबतो. माझी चूक होत असेल तर मला सांग आणि मला मूर्ख म्हण.

सोबत वहीचे एक पान जोडतो आहे. त्यावर मॅडमनी सरावासाठी दिलेले बारा प्रश्न मी सुवाच्य अक्षरात, त्याच क्रमाने उतरवले आहेत. ते बाहेर द्यायचे नाहीत असे आमच्याकडून लिहून घेतले आहे, पण तू परकी नाहीस. सोनियाला एकटीला घेऊन बस आणि शांतपणे विचार. एकदाच विचार. प्रत्येक प्रश्नाखाली मी बारीक अक्षरात खुलासा केला आहे, म्हणजे तुला अडचण पडणार नाही: मूल कुठे थांबले तर ते खरे, कसे बोलले तर ते पाठ केलेले. चार मुलांची वाक्ये सारखी आली तर कुणीतरी शिकवले असे समजावे. भरभर बोलले तर संशय घ्यावा. मधे खाली बघून थांबले तर विश्वास ठेवावा. बारावा प्रश्न सोडू नकोस, तो सगळ्यात महत्त्वाचा आहे: हे बोलायला तुला कुणी सांगितले का?

लवकर लिही. माझे कामात लक्ष नाही.

तुझा,
सम्यक

खुलताबाद रोड,
सोमवार, ता. २२ डिसेंबर २०२५

चि. सम्यकला आक्काचे अ. आ.

हे पत्र टपालात टाकत नाय. मनकर्णाबाई म्हणून आमच्याकडं झाडलोट करती, ती लेकीकडं शहरात चालली, तिच्या हाती देते. वाचून जाळ.

तुला एक सांगायचं राहिलं. इथं टपाल आधी सरांच्या टेबलावर जातं. पोरींचं, बायांचं, सगळ्यांचं. सर उघडून वाचतेत, मग देतेत. जाणारंबी वाचतेत. नियमच हाय, म्हणून मला त्यात काय वाटलं नाय. मागलं पत्र मी त्यांच्या समोर बसून लिहिलं व्हतं.

तुझं शेवटचं पत्र त्यांनी मला चार दिवसांनी दिलं. त्यात वहीचं पान नव्हतं. म्हणले, आशाबाई, भाऊ लई हुशार निघाला, असले धडे आम्हाला कुणी दिले नाय. हसले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

आता खरं सांगते. सोनियाला सरांनी चटका दिला. अंथरूण ओलं करणाऱ्या नऊ पोरींना आतापर्यंत दिला. उलथनं माझ्याच चुलीवर तापायचं. सर म्हणले, कामवालीच्या पोरीला सोडलं तर बाकीच्या पोरी बोलतील, अन् आईनं धरलं तर लेकरू कमी भितं. मी तिचे दोन्ही हात धरले. ती माझ्याकडं बघत व्हती, सरांकडं नाय.

मला वाटलं, ही रीतच हाय. आपल्या आयनं तुला नव्हता का दिला, टाचेवर? त्या दिवसापासनं तुझं अंथरूण कोरडं झालं. तू तर आयला कधी काय बोलला नाय.

तक्रार करू नको सम्या. ही खोली गेली तर मी लेकराला घेऊन कुठं बसू? तुझ्या खोलीत तूच दुसऱ्या दोघांसंगं झोपतोस. वरीस सरू दे, पाचवीला दुसरीकडं घालू. तुझ्या पाया पडते.

एक अजून. सर रोज सांजच्याला पोरींना कचेरीत बसवून काहीतरी पाठ करून घेतेत. दार लोटलेलं असतं. मला जाऊ देत नायत.

तुझी आक्का

छत्रपती संभाजीनगर,
मंगळवार, दि. २३ डिसेंबर २०२५

दुपारी एक वाजून पाच मिनिटे. मनकर्णाबाई बसस्थानकावर थांबल्या आहेत, उभ्या उभ्या लिहितो आहे.

ती. आक्कास,

जयभीम.

मी आज सकाळी निलोफर मॅडमना सांगितले. तू नको म्हणालीस तरी सांगितले. नऊ मुली आहेत आक्का, दहाव्या मुलीला आज ना उद्या चटका बसेल. माझी टाच अजून थंडीत दुखते. मी आयला काही बोललो नाही, कारण मला तेव्हा कुणी विचारलेच नाही.

मॅडम शुक्रवारी दि. २६ ला साध्या कपड्यांत येतील. त्यांच्यासोबत एक डॉक्टर आणि बाल कल्याण समितीच्या एक ताई असतील. मला येऊ देणार नाहीत, कारण सोनिया माझी भाची आहे.

आता नीट वाच. मॅडमना मी एवढेच सांगितले, की अधीक्षक मुलींना चटके देतात असे कानावर आले. तुझे पत्र दाखवले नाही. त्यात तू हात धरल्याचे लिहिले आहेस, ते कागदावर आले तर तूही आरोपी होशील. तेव्हा तुला विचारले तर मी तिथे नव्हते असे सांग. मुली सरांचे नाव घेतील, तुझे कोण कशाला घेईल?

आणि माझ्या प्रश्नांचे पान सरांना मिळाल्याचेही मी मॅडमना सांगितले नाही. तोंडाशी आले होते. पण मी लिहून दिलेले आहे, माझी नोकरी अजून कच्ची आहे आणि शुक्रवारच्या परीक्षेत मला शंभरपैकी एक्क्याण्णव मिळाले म्हणून मॅडमनी सगळ्यांसमोर माझे नाव घेतले होते. सर मुलींकडून काय पाठ करून घेतात ते मला कळत नाही. बहुधा प्रजासत्ताक दिनाची भाषणे असतील. मॅडम फार अनुभवी आहेत. मूल खोटे बोलले तर त्यांना लगेच कळते.

घाबरू नकोस. सगळे ठीक होईल.

तुझा,
सम्यक

वसतिगृह,
रविवार, दि. ११ जानेवारी २०२६

प्रिय मामास,
सोनियाचा जयभीम आणि नमस्कार.

मी मजेत आहे. तू कसा आहेस? हे पत्र मी मनकर्णा मावशीकडे देते. सर म्हणाले होते, हे कुणाला सांगायचं नाही. पण प्रश्न तुझेच होते, म्हणून तुला सांगितलं तर चालेल.

मामा, मला बाराच्या बारा प्रश्न आले. निलोफर मॅडम आल्या तेव्हा त्या खाली सतरंजीवर बसल्या. त्यांनी तुझ्या कागदातलेच प्रश्न विचारले, फक्त पाचवा आधी आणि चौथा नंतर. मी गोंधळले नाही. सरांनी आमच्याकडून उलटसुलट पण करून घेतले होते. त्यांनी प्रत्येकीला वेगळं वेगळं वाक्य दिलं होतं. वैष्णवीला दिलं, सैपाकाच्या मावशीनं मला चटका दिला. मला दिलं, आईनं उलथनं लावलं आणि सर सिल्लोडला मीटिंगला गेले होते. मधे खाली बघायचं आणि मनात दहापर्यंत मोजायचं. मी मोजले. मॅडमचे डोळे ओले झाले.

बाराव्या प्रश्नाला मी म्हटलं, कुणी नाही सांगितलं. हे फक्त सरांनी सांगितलं होतं.

मी आधी सरांना म्हटलं होतं, पण आईनं तर फक्त हात धरले. सर म्हणाले, हात धरले म्हणजे आईनंच केलं की नाही? मग मला वाटलं, खरंच आहे. सर म्हणाले, मामानं एवढे सुंदर अक्षरात प्रश्न पाठवलेत, तू चुकलीस तर त्याची नोकरी जाईल. म्हणून मी चुकले नाही.

आईला पण मॅडमनी विचारलं. आई म्हणाली, मी तिथं नव्हतेच. तेव्हा सगळ्या मुली म्हणाल्या, होती. वैष्णवी तर रडलीच. ते तिला पाठ नव्हतं, तिचं तिलाच आलं. मग आईला गाडीतून नेलं. आईनं जाताना हाताला पीठ तसंच ठेवलं होतं. समितीच्या ताईंनी मला विचारलं, कुठं राहशील. मी म्हटलं, इथंच, सर आमची काळजी घेतात. ते पण पाठ होतं.

मला पहिलं बक्षीस मिळालं, पेन आणि कंपास. वैष्णवीला दुसरं. सरांनी सगळ्यांसमोर टाळ्या वाजवायला लावल्या. सैपाकाला आता नवीन बाई आल्या आहेत. त्यांची भाजी तिखट असते.

मामा, मी आता अंथरूण ओलं करत नाही. मी भिंतीला टेकून बसते आणि झोप आली की मांडीवरची खपली दाबते, म्हणजे झोप जाते. वर्गात मात्र येते.

सरांना मी विचारलं, माझी सगळी उत्तरं बरोबर आली, तर आई कधी येणार. सर म्हणाले, ते मामाला विचार, मामा पोलीस आहे.

तर मामा, कधी?

माझ्यावर आहे तेवढी माया कमी करू नकोस.
तुझी भाची,
सोनिया
इयत्ता चौथी