चौदा जीबी स्वॅप आणि हिचं जुनं गाव

३ नोव्हेंबर, सोमवार
नकाशा पुन्हा उडाला. गावनकाशाची चौदा पानं स्कॅन करून आणलीत. ती एकाला एक जोडायची आणि हिचं जुनं गाव एका कागदावर आणायचं, एवढंच काम. नवव्या पानाला प्रोग्राम गायब. काळ्या खिडकीत एकच शब्द, किल्ड. चौथ्यांदा. तेहतीस वर्षं खाणीच्या सर्व्हे ऑफिसात नकाशे काढले, कागदाने असा दगा कधी दिला नाही.
ही वाती वळत होती. मान वर न करता, "मेलं का परत?"
"मेलं."
"मंग च्या घ्या."

४ नोव्हेंबर, मंगळवार
मुलीचा, रश्मीचा फोन, पुण्याहून, तिच्या जेवणाच्या सुट्टीत. एक आज्ञा लिहायला लावली. उत्तर आलं: मेमरी दोन जीबी, स्वॅप शून्य.
"बाबा, ऑफिसात टेबल भरलं की तुम्ही काय करायचे?"
"लागत नाहीत ते नकाशे बाजूच्या स्टुलावर ठेवायचो. लागला की परत टेबलावर."
"ते स्टूल म्हणजे स्वॅप. तुमच्या मशीनला स्टूलच नाही. टेबल भरलं की ते एकाला उचलून बाहेर फेकतं."
समजलं. लहानपणी रश्मीला अपूर्णांक मी शिकवले. आता ती शिकवते, आणि माझ्यासारखीच खेकसते.
हार्डडिस्क स्कॅननेच गच्च, म्हणून स्टूल पेनड्राइव्हवर करायचं. र. म्हणते हळू चालेल, पण चालेल. नवा पेनड्राइव्ह आणला. सोळाचा. पण मशीन चौदाच दाखवतं. दुकानदाराला विचारलं तर म्हणे, काका, सगळ्यांचंच असं असते.

६ नोव्हेंबर, गुरुवार
दादांना १६ ला आणायचं ठरलं. हिचे थोरले भाऊ, नेरला मुलाकडे असतात. त्यांच्या मुलाचा फोन होता, गाडीने घेऊन येतो म्हणाला. म्हणजे दहा दिवस हातात.
गेल्या वर्षीच्या दिवाळीत दादा आमच्या ओसरीत बसून अख्खं जुनं गाव बोलले होते. वेशीपासून सुरुवात, घरामागून घर. कोण राहायचं, कोणाच्या दारात काय झाड. एक तास चाळीस मिनिटं. मी मोबाइलवर टिपलं, मग हिच्या पेनड्राइव्हवर टाकलं. त्यानंतर मोबाइल बिघडला. पावसाळ्यात दादांना अर्धांगाचा झटका आला. आता बोलतात ते कोणालाच कळत नाही. ही रोज दुपारी स्पीकरला तो पेनड्राइव्ह लावते आणि वाती वळते.
नकाशावर ती नावं भरायची आहेत. मी टाळत आलो, आधी कागद तर जुळू दे म्हणून.
हेही लिहून ठेवतो. खाणीची हद्द वाढली तेव्हा मूळ नकाशावर ती रेघ मी ओढली होती. हुकूम वरचा, हात माझा. हिचं माहेर रेघेच्या आत गेलं, गाव उठलं. घरी येऊन सांगितलं तर ही म्हणाली, "रेघ तं सरळ आली ना?" त्यावर आजतागायत एक शब्द नाही.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
सकाळी स्वॅप केलं, एकट्याने. र. ने आज्ञा लिहून पाठवल्या होत्या. आधी खुपसलेला पेनड्राइव्ह वापरातून सोडवायचा, मग एमकेस्वॅप, म्हणजे त्याचं स्टूल करायचं, मग स्वॅपऑन, म्हणजे ते वापरात घ्यायचं. जुनी खूण पुसत आहे अशी एक ओळ आली. मनात म्हटलं, पुसा. मग आकडा आला. स्वॅप, चौदा जीबी. हिला बोलावून दाखवला. "बरं हाय," म्हणाली, पोरगं पास झाल्यासारखी.
दिवसभर जोडणी चालू. मशीन रांगत होतं, पण मेलं नाही. स्टुलावर नऊ जीबी गेले.

८ नोव्हेंबर, शनिवार
चौदाही पानं जुळली. वेस, मारुती, विहीर, नाला, सगळं एका पडद्यावर. एकटाच हसत बसलो.
दुपारी हिने स्पीकर काढला. पेनड्राइव्ह द्या म्हणाली; काल जोडणी चालू म्हणून मागितला नव्हता. दिला. तो कोराकरकरीत नवा निघाला.
माझ्या हाताला सर्व्हे ऑफिसची खोड. मूळ आणि नक्कल समोरासमोर ठेवल्याशिवाय कामाला हात लावत नाही. काल नावांची तयारी म्हणून हिचा पेनड्राइव्हही शेजारी खुपसून ठेवला होता. दोन्ही निळे, एकाच दुकानचे, एकाच मापाचे. आधी हिचा लावला, म्हणून मशीनच्या लेखी पहिला तो. र. च्या आज्ञांत पहिल्याचंच नाव होतं, मी पहिल्यावर स्वॅप केलं.
दादांचा आवाज पुसून त्या जागेवर मी गाव जोडलं.
हिला म्हटलं, तुझा कामात गुंतलाय, दोन दिवस लागतील.

९ नोव्हेंबर, रविवार
ही दुपारी स्पीकरशिवाय वाती वळत बसली. मी बाजारात निघून गेलो. दोन तास उगाच फिरलो, आणि नको असलेली वांगी घेऊन आलो.

१० नोव्हेंबर, सोमवार
र. ने पुण्यात बसून माझ्या मशीनचा ताबा घेतला आणि पुसलेलं शोधत राहिली. पडद्यावर बाण आपोआप फिरत होता, मी हात मांडीवर ठेवून बसलो. सापडले अकरा सेकंद. त्यात दादा खोकतात, मग म्हणतात, "कुसुम, च्या ठेव व. घसा सुकला." बाकी खरखर.
"बाबा, नक्कल नव्हती काढली?"
नव्हती. जन्मभर दुसऱ्यांना नकला काढायला लावणारा मी.
"आईला तुम्हीच सांगा. मी नाही सांगणार."

११ नोव्हेंबर, मंगळवार
सांगितलं. जेवणं झाल्यावर, ती ताटं उचलत असताना. उभ्यानेच.
"पुसलं म्हन्ता?"
"हो."
"सगळंच?"
"अकरा सेकंद आहेत."
ऐकवले. "च्या ठेव व" ला तिने नुसता पदर तोंडाला लावला. मग ताटं घासायला गेली. रोजच्यापेक्षा फार वेळ घासत होती.

१२ नोव्हेंबर, बुधवार
बोलत नाही. चहा देते, पाणी देते. ओरडली असती तर बरं झालं असतं. रेघेच्या वेळीही अशीच होती. तेव्हा मी त्याला समजूतदारपणा समजलो आणि सुटलो. आज सुटता येत नाही. म्हटलं, "कुसुम, माझं चुकलं. हेही आणि तेही." ते म्हणजे काय, तिने विचारलं नाही. भाजी निवडत राहिली.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
सकाळी मशीनपुढे बसलो होतो. हिने स्वयंपाकघरातलं स्टूल आणलं, माझ्या शेजारी ठेवलं आणि बसली.
"लिवा. वेशीपासून."
"काय?"
"नावं लिवा. वर्सभर आयकून राह्यली मी. कायले पाह्यजे पेनड्राइव्ह?"
आणि बोलत सुटली. दादा सांगत त्याच क्रमाने. प्रत्येक घराआधी त्यांचं ते "हं, मंग". लोहाराचं घर, त्याच्या दारात बोर, बोरं आंबट. मग तीन सख्खे भाऊ, चूल एक, भांडणं तीन. दादा जिथे हसले होते तिथे ही थांबून हसली. विहिरीपाशी खोकली. मी टाइप करता करता थांबलो.
"काहून थांबले?"
"खोकलीस."
"तिथं दादा खोकलता," म्हणाली, "मंग च्या मागतला." आणि उठून खरंच चहा ठेवला.
एकसष्ट घरं भरली. माझ्या हाताने जे गाव कागदावरून उठलं, ते आज माझ्याच हाताने बसत होतं, तिच्या तोंडून. जड झालं होतं मन, ते रडून हलकं केलं. तिने पाहिलं. "चष्मा पुसा अन् पुढं लिवा," म्हणाली.

१५ नोव्हेंबर, शनिवार
फ्लेक्सवाल्याकडून नकाशा छापून आणला. सहा बाय चार. त्याने विचारलं, काका, वाढदिवस कोणाचा? फोटो कुठं टाकू?
फाइलच्या दोन नकला काढल्या. एक इथे, एक र. कडे.

१६ नोव्हेंबर, रविवार
दादा आले. उजवा हात गळ्यात अडकवलेला, बाकी तब्येत बरी. फ्लेक्स पलंगावर पसरला, त्यांना खुर्चीवर बसवलं. बराच वेळ नुसते पाहत होते. मला वाटलं, कळलंच नाही त्यांना काय आहे.
मग डावं बोट वेशीवर टेकलं. "हं, मं."
बोट सरकेल तशी ही नावं बोलत गेली. दोघं मिळून गावातून निघाले. बोराच्या झाडाशी दादा हसले. स्वतःच्या घराशी पोचल्यावर हिने नाव घेतलं नाही, त्यांनीही बोट उचललं नाही. दादांचा मुलगा बाहेर जाऊन उभा राहिला.
विहिरीच्या मागे मोकळी जागा आहे. रेकॉर्डिंगमध्ये तिथे काहीच नव्हतं, ही शपथेवर सांगते. दादांचं बोट तिथे थांबलं. तीनदा टकटक केलं आणि हिच्याकडे बघून म्हणाले, "बा... बा."
"बाभूळ?" मान हलवली, नाही.
"बाजी? बारव? बाया बसत त्या तिथं?" नाही. नाही. चिडले. मग एकदम डोळ्यांतून पाणी, आणि तोंडावर हसू. हिचा हात धरून पुन्हा तिथेच टेकवला.
हिला आठवत नाही. संध्याकाळपर्यंत घोकत होती, बा, बा.

१७ नोव्हेंबर, सोमवार
दादा अजून दोन दिवस राहणार. विहिरीमागच्या जागेभोवती पेन्सिलीने गोल काढलाय, नाव भरायचं बाकी. सकाळपासून ही दादांच्या पायाशी बसून विचारते आहे. झाड का? घर का? मानूस का? मानूस म्हटल्यावर त्यांनी हो म्हणून मान डोलावली नाही, नाहीही म्हणाले नाहीत.
र. चा फोन. काम झालं असेल तर स्वॅप बंद करून पेनड्राइव्ह काढून घ्या म्हणाली.
नको म्हटलं, काम अजून व्हायचंय. राहू दे लावलेला. आत ही म्हणते आहे, "बाई का रे दादा? लहान पोरगी का?"