ओसरीवरच्या धंद्याचा परवाना

४ जानेवारी १९६०, सकाळी
मुलाचं, वाल्मीकचं कार्ड आलं. आईला जाऊन आठ महिने झाले, माले गावात आता तुम्हाला उद्योग तरी काय, पुण्याला या, दोन खोल्या आहेत पण जागा करू, असं लिहितो. उद्योग काय म्हणे! छत्तीस वर्षं मुलांकडून कविता पाठ करून घेतल्या, तो काय रिकामपणा होता?
असो. आजपासून उद्योग आहे. घरच्या घरी पत्रलेखन. गावातले निम्मे पुरुष मुंबईच्या गिरण्यांत, बायकांना लिहिता येत नाही. पोस्टमन लिहून देतो, पण त्यात काव्य कुठलं? सहा महिन्यांत पौडला ब्रँच. मग वाल्मीक काय बोलतो ते बघू.
संकल्प: पहाटे पाचला उठणे.

५ जानेवारी
साडेआठला उठलो. थंडी फार आहे. पाचची वेळ उन्हाळ्यापासून.

९ जानेवारी
पंचायतीत गेलो. सरपंच हैबतराव माझाच विद्यार्थी, चौथीत दोनदा बसलेला. उठून उभा राहिला, खुर्ची दिली. मग म्हणाला, मास्तर, नवा ठराव हाय, घरात धंदा करायचा तर परवाना लागतुया. म्हटलं, हा धंदा नव्हे, सेवा आहे. तर म्हणे, सेवा हाय तर मग परवाना कशाला मागताय?
मागणार. सही-शिक्क्याचा कागद वाल्मीकला दाखवायचा आहे.
फॉर्म भरला. घरातून धूर निघतो का? नाही. वास? नाही. आवाज? नाही. मग काय निघतं? लिहिलं: भावना. ग्रामसेवकाने बराच वेळ ते वाचलं आणि पुढे ‘इतर’ असं लिहिलं.
शेजाऱ्याची संमती हवी. एका बाजूला ओढा, दुसऱ्या बाजूला गोजराबाई. तिने अंगठा दिला. म्हणाली, कायबी करा मास्तर, पण दिवसातनं एकदा तरी जेवा.

१२ जानेवारी
बोर्ड रंगवला. ‘हृदयसंदेश पत्रलेखन कार्यालय’. फळी मिळेना, म्हणून जेवायला बसायच्या पाटावर रंगवला. पाट दोन आहेत. लागतो एकच.

१९ जानेवारी, दुपारी
ग्रामसेवक इन्स्पेक्शनला आला. राहत्या जागेच्या निम्म्याहून जास्त जागा धंद्याला वापरायची नाही, असा नियम. टेप धरून ओसरी मोजली. घरात माणसं किती, विचारलं. दोन, म्हटलं. त्याने लिहिलं. गोजराबाई कुंपणाजवळ उभी होती, तिने माझ्याकडे पाहिलं. मग म्हटलं, एक. त्याने खोडलं.
नोटीस चावडीवर लागली. कुणाची हरकत असल्यास पंधरा दिवसांत कळवावी. तोवर चालवा म्हणाला.
हरकत कोण घेणार? धूर नाही, वास नाही.

२३ जानेवारी
पहिलं गिऱ्हाईक! लीलाबाई. नवरा कोंडाजी मुंबईला गिरणीत. ती सांगत गेली: म्हैस व्याली, रेडी झाली, घरावरची कौलं फुटल्यात, शिमग्याला या. बस, एवढंच.
एवढ्यावर पत्र होतं का? लिहून पुरं करायला दोन तास लागले. ‘प्राणनाथ, कातरवेळ दाटली आहे. जीवनाची ज्योत मंद झाली. छप्पर फाटून आकाश आत आले आहे. नेत्र मिटण्यापूर्वी एकवार आपले दर्शन व्हावे, हीच अंतीची आस.’ म्हैस कशात बसेना, म्हणून गाळली.
वाचून दाखवलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. काय कळलं ते न्हाई, पण लई चांगलं हाय, म्हणाली. मूठभर वालाच्या शेंगा ठेवून गेली.
वाल्मीकला कार्ड टाकलं: धंदा बहरात.
शेंगा तशाच पडून आहेत. सोलायच्या कशा, ते कधी पाहिलं नाही.

२९ जानेवारी
कोंडाजी आला. गिरणीतलं काम सोडून, रात्रभर ट्रकच्या टपावर बसून. चाळीतल्या कुणीतरी पत्र वाचून दाखवलं. सगळ्यांचं एकमत झालं की बाई जाते. काखेत हिरवं लुगडं, सवाष्णीला शेवटचं नेसवायला. दारात पाहतो तर लीलाबाई म्हैस पिळतेय. ती म्हणे, अगं बया, शिमग्याआधीच आणलंत व्हय? तो तिथेच उंबऱ्यावर बसला आणि रडला.
मग इथे आला. मास्तर, म्हणाला, माझी बायको तुमी कागदावर मारलीत. म्हटलं, कोंडाजी, अलंकार समजून घे. तो म्हणाला, अलंकार न्हाई, म्या लुगडं समजलो.
दोष चाळीतल्या वाचणाऱ्याचा. काव्यात यतीवर थांबून वाचावं लागतं.
वाल्मीकची आई गेली तेव्हा हिरवं लुगडं गोजराबाईने आणलं. मी खांबाला टेकून बसलो होतो. रंग आठवतो, बाकी नाही.

३० जानेवारी
चावडीवर हरकत दाखल. अर्जदार कोंडाजी. कारण: जिवंत बाईच्या मरणाचं पत्र.
संकल्प: मीटिंगमध्ये अर्धा तास भाषण. विषय: रसग्रहण.

८ फेब्रुवारी
मीटिंग. भाषण झालं नाही. घसा बसला होता. लीलाबाई तेच हिरवं लुगडं नेसून आलेली. कशाला टाकू, सूत चांगलं हाय, म्हणत होती. सगळे हसले.
हैबतरावने ठराव वाचला. मास्तरांना परवाना द्यावा. अटी दोन. सांगितलं तेवढंच लिहायचं, एक शब्द जादा नाही. आणि टपालात टाकण्याआधी शेजारणीला वाचून दाखवायचं. तिला समजलं तरच टाकायचं.
म्हणजे परवाना मिळाला! विजय. अटींचं पुढे बघू. उद्यापासून गर्दी.

९ फेब्रुवारी
कुणी नाही. आज अमावस्या असावी.

१७ फेब्रुवारी
कुणी नाही. बायका पोस्टमनकडे जातात. सुगीचे दिवस, सवड नसेल.

२५ फेब्रुवारी, संध्याकाळी
वरच्या आळीतली तानुबाई ओसरीवर आली. मी टाक, दौत पुढे ओढली. तिला विस्तव हवा होता. माझी चूल दोन दिवस पेटली नव्हती. ती गोजराबाईकडे गेली. थोड्या वेळाने गोजराबाई भाकरी घेऊन आली.

२ मार्च
परवान्याचा कागद आला. शिक्का उमटलाय व्यवस्थित. ‘राहणारी माणसे: एक.’ दिवसभर समोर ठेवला.
वाल्मीकला दाखवायचं म्हणून पाकीट काढलं. घातला नाही.

३ मार्च, दुपारी
कार्ड घेतलं. ‘संध्याछाया’ असा शब्द आला. खोडता येत नाही, म्हणून दुसरं कार्ड घेतलं.
‘चि. वाल्मीक यास आशीर्वाद. तुझी आई गेली. घरात बोलायला कोणी नाही. मला एकट्याला जमत नाही. मी येतो. बसायला पाट आणतो.’
नियमाप्रमाणे कुंपणाजवळ जाऊन वाचून दाखवलं. गोजराबाई भांडी घासत होती. हात थांबले.
एवढंच व्हय, म्हणाली. मग म्हणाली, ह्ये समजलं मास्तर.
कार्डावर निम्म्याहून जास्त जागा मोकळी राहिली. तसंच टाकलं.