लाल खारव्याच्या चार पिशव्या

अण्णा, आमच्याकडे आता प्लास्टिकच्या पिशव्या बंद केल्या आहेत. जुन्या चादरींच्या पिशव्या मीच मशीनवर शिवते. परवा माझ्या सुनेने तिच्या ऑफिसातून जाड कापडाचा एक बॅनर आणला. मी विचारलं, कुठून आणलास? विचारण्याचा सूर मलाच खटकला. ती हसून म्हणाली, "आई, फेंकने ही वाले थे." माझा विश्वास बसला नाही. ती आत गेल्यावर मी कापड उलटंपालटं करून पाहिलं, कुठे शिक्का दिसतो का. हा संशयी स्वभाव मला कुठून जडला, ते तुम्हाला लिहायला बसले आहे.

नवं राज्य झालं, राजधानी भोपाळला गेली आणि तुमच्या रेकॉर्ड-रूममधले कागद तिकडे निघाले, ते दिवस आठवतात? बदलीवर कुणाला कुठे टाकणार ते कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि ऑफिसातली माणसं एकमेकांकडे तिरक्या नजरेने बघायची. कागद पेट्यांत भरले गेले. ज्या लाल खारव्यात ते वर्षानुवर्षं बांधलेले असत, ते बस्ते रिकामे झाले. एका संध्याकाळी त्यांची गठडी तुम्ही घरी आणलीत. ऑफिसातली टाचणीसुद्धा घरी न आणणारे तुम्ही! मी विचारलं, तर ताटावरून मान वर न करता म्हणालात, "फेकायचेच होते." आईने त्यांच्या चार पिशव्या शिवल्या, दुपदरी, पाच शेर गहू सहज पेलतील अशा. स्वयंपाकघरात चुलीमागच्या खुंटीवर त्या टांगलेल्या असायच्या.

नई सडकेवर भाजीवालीने कापड लगेच ओळखलं. म्हणाली, "बाबूजी का दफ्तर भोपाल जा रहा है, और बस्ते तुम्हारे घर रह गए?" बाजूच्या बायका हसल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तुम्ही चोरी केलीत, असं मी त्या क्षणी धरून चालले. दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना तीन पिशव्या घडी करून दप्तरात घातल्या आणि दाना ओलीच्या गल्लीत तुमच्या साहेबांच्या ओट्यावर ठेवून पळाले. चौथीत गहू होते म्हणून ती राहिली. वाटलं, परत केलं, संपलं.

कसलं संपतंय. कापड न्यायला साहेबांनीच तोंडी सांगितलं होतं, हे मला फार उशिरा आईकडून कळलं. पिशव्या ओट्यावर पाहून ते घाबरले आणि आपल्या अंगाशी येऊ नये म्हणून त्यांनी तुमच्याकडूनच लेखी जबाब मागितला. मग भोपाळच्या यादीत तुमचं नाव आलं. शेजारच्या काकांचं आलं नाही. तुमची दोघांची टेबलं एकाच खोलीत, संध्याकाळचा त्यांचा चहा रोज आपल्या बैठकीत. त्यांनी एकदा पिशव्यांवरून थट्टा केली होती; पिशव्या त्यांनीच साहेबांकडे पोचवल्या असं धरायला तुम्हाला तेवढं पुरलं. त्या संध्याकाळी ते दारात आले तेव्हा तुम्ही आतूनच मला म्हणालात, "सांगून दे, घरी नाहीत." मी सांगितलं. काका उंबऱ्यापाशी तुमच्या वहाणांकडे बघत उभे आहेत, मी दाराची कडी धरून उभी आहे. "ठीक आहे बेटा," ते म्हणाले, "त्यांना म्हणावं, मफलर माझ्याकडे राहिलाय, घेऊन जा." पुन्हा ते आले नाहीत. ते वारले तेव्हाही तुम्ही भोपाळहून आला नाहीत.

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की तुमचा संशय चुकला आणि खरं बोलायचं मला धाडस झालं नाही. ते खरंच आहे. मला लाज वाटते, अजूनही वाटते. पण बॅनर कापताना दुसरंच मनात आलं आणि ते काही केल्या जात नाही. काका बैठकीच्या पुढे कधी आले नाहीत. खुंटी चुलीमागे होती. कुठला कागद कुठून हलला हे शोधण्यात ज्याचा जन्म गेला, त्याला एवढं कळलं नसेल? का तुम्हाला कळलं होतं, आणि म्हणूनच दारात मला पाठवलंत? मुलीवर संशय घ्यायला नको म्हणून मित्रावर घेतलात का? लग्नानंतरही दर सुट्टीत मी भोपाळला यायचे, तुमच्यासमोर बसून जेवायचे. विचारलं नाही. तुम्ही हो म्हणाल, याची भीती होती.

आता विचारायला तुम्ही नाही; हे पत्र माझ्याकडे राहिलेल्या त्या चौथ्या पिशवीत ठेवते आहे. रंग उडालाय, पण शिवण कुठे उसवलेली नाही. सुनेने काल विचारलं, ही बाजारात नेऊ का? मी म्हटलं, नको, फाटली आहे.