तुंगीने गप्प राहण्याच्या बाजूने केलेलं भाषण

चामराजपेट, बेंगळूरु
बुधवार

ती. अक्कास धाकट्या तुंगीचा वाकून नमस्कार. (वाकले आहे ते कागदावरच, गुडघे म्हणतात, एवढ्यावर भागव.) धारवाडला थंडी कशी आहे, तुझा खांदा आता वर जातो का, भावोजींनी मीठ कमी केलं की अजून बरणी लपवावी लागते, ते सविस्तर कळव. फोनच करायचा, पण घरचा फोन 'हे' माझ्या हातून काढून घेतात, माझी खुशाली हेच सांगतात आणि ठेवूनही देतात. म्हणून कागद.

बासष्टाव्या वर्षी मी विद्यापीठात जाते हे तुला ठाऊक आहे. आमची नात विद्याश्री तिथंच शिकते, तिनेच माझं नाव संध्याकाळच्या तत्त्वज्ञानाच्या वर्गात घातलं. विद्यापीठ ख्रिस्ती मंडळींचं. आवाराच्या मधोमध छोटंसं चर्च आहे, त्याला चॅपल म्हणतात. वर्षातून एकदा तिथं आठवडाभर व्याख्यानं, वादविवाद आणि चॅपलमध्ये प्रार्थना असतात. सगळीकडे हजेरी लावायची आणि वादविवादात पाच मिनिटं बोलायचं, तरच परीक्षेला बसू देतात. हे ऐकून नरसिंहराव (नाव लिहिते, पत्रात कोण ऐकतंय!) हसले. "तुला बोलता कुठं येतं?" म्हणाले. खोटं काय त्यात? डॉक्टरांकडेसुद्धा माझं पोट कुठं दुखतं ते हेच सांगतात, आणि बेचाळीस वर्षं मीही आपली तिथंच दुखवून घेते.

गेल्या आठवड्यात हे सगळं झालं. सोमवारचं व्याख्यान 'वेळेचं मोल' या विषयावर होतं आणि वक्ते बेळ्ळंदूरच्या ट्रॅफिकमध्ये अडकले. दीड तासाने त्यांनी गाडीतूनच, फोनवर व्याख्यान सुरू केलं. विद्याश्रीने फोन माइकपुढे धरला. "मित्रहो, प्रत्येक क्षण" म्हणायचा अवकाश, मागून हॉर्न आणि त्यांचा ड्रायव्हर कन्नडात कुणाचा तरी उद्धार करतोय. आम्ही टाळ्या वाजवल्या तर म्हणाले, "थँक्यू, आत्ताच दहा फूट सरकलो."

बुधवारी चॅपल. मी सवयीने चपला दाराशी काढल्या. (आत बघते तर सगळे बूट घालून! पाय बाकाखाली ओढून बसले.) तिथले फादर रोशन मंगळूरचे, बोलणं अगदी मऊ. म्हणाले, डोळे मिटा आणि तुम्हाला कोण हाक मारतं ते ऐका. सगळं चिडीचूप. तेवढ्यात विद्याश्रीने आठवड्यापुरता दिलेला फोन पिशवीत वाजू लागला. बंद करायला गेले तो उचललाच गेला, आणि चॅपलभर ह्यांचा आवाज घुमला, "तुंगा! साबुदाणा कुठं ठेवलायस?"

अक्का, मला भुईत शिरावंसं वाटलं. पण फादर डोळेसुद्धा न उघडता म्हणाले, "उत्तर द्या, अम्मा." मग मी मोठ्यांदा सांगितलं, "वरच्या फळीवर, डाव्या हाताला!" माझा आवाज छताला जाऊन परत आला. केवढा मोठा, कसा गोल! हा माझा? प्रार्थना संपेपर्यंत मला नुसत्या गुदगुल्या होत होत्या.

गुरुवारी वादविवाद. विषय निघाला, 'संसारात बायकोने गप्प राहणंच शहाणपणाचं', आणि चिठ्ठीत मला आली बाजू अनुकूल. विरोधात आशय नावाचा कायद्याचा विद्यार्थी, हातात कागदांचा गठ्ठा. हे तिसऱ्या रांगेत कोट घालून बसलेले, मी अडखळले की पुढचं सांगायला. मी म्हटलं, गप्प राहण्याचे फायदे पुष्कळ. साडी निवडायचा त्रास वाचतो: लग्नानंतर दुकानात हे म्हणाले, हिला जांभळा आवडतो, मी गप्प राहिले, आज कपाटात तेवीस जांभळ्या साड्या आहेत. (हशा.) शाळेतल्या नोकरीचं पत्र आलं तेव्हा ह्यांनी परस्पर कळवलं, तिला जमणार नाही. मी गप्प राहिले. त्यामुळे माझ्या पोळ्या फार मऊ होतात. इथं कुणी हसलं नाही. मला थांबताच येईना. एक घंटा झाली, दुसरी झाली, अकरा मिनिटं मी गप्प राहण्याच्या बाजूने बोलत होते!

आशय उठला, कागद चाळले, "मला बोलायला काही उरलंच नाही, अज्जी," म्हणाला आणि बसला. मग मतदान. माझी बाजू सपाटून पडली, अक्का! अख्ख्या सभागृहात अनुकूल असा एकच हात वर होता, तो ह्यांचा. बिचाऱ्यांना वाटलं, मत बायकोला द्यायचं.

बाहेर ऑटोवाल्याने विचारलं, "एल्लिगे?" कुठं जायचं म्हणून मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे माझ्याकडे बघत होते. "तूच सांग," म्हणाले, हळूच. मी चामराजपेट म्हणायला तोंड उघडलं आणि म्हणून बसले शिवाजीनगर! तिथं बाजारातल्या एका हॉटेलापुढे उभ्याउभ्या गरम समोसे खाल्ले. ह्यांच्या हातातला चहा निवून गेला.

"त्या शाळेत जायचं होतं तुला?"

"हो."

"मी विचारलंच नाही." निवलेला चहा एका घोटात संपवून म्हणाले, "आणि जांभळा?"

"मुळीच आवडत नाही."

"मग कुठला आवडतो?"

अक्का, मला सांगताच येईना! आजवर कुणी विचारलंय कुठं? दोघं इतके हसलो की हॉटेलवाल्याने न मागता पाणी आणून दिलं.

भावोजींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझी तुंगा

ता. क. : खरं म्हणजे पत्र यासाठी. माझी परीक्षा वीस तारखेला आहे, आणि गुरुवारपासून हे मला सगळं विचारतात. कुठला शर्ट घालू, आंघोळ आधी की कॉफी, पंखा दोनवर ठेवू की तीनवर. पुस्तकाचं पान उलटत नाही. ह्यांना पंधरा दिवस धारवाडला बोलावून घे, पण मी सुचवलं हे कळू देऊ नकोस.

ता. क. २ : सौ. अक्कांना नरसिंहरावाचा नमस्कार. पत्र पेटीत टाकायला माझ्याकडेच दिलं म्हणून वाचलं. यायला माझी हरकत नाही. येऊ का, म्हणून हिला विचारलं, तर म्हणते तुमचं तुम्ही ठरवा. तेव्हा येऊ का ते तुम्हीच कळवा.