पत्रकातलं चौथं कलम

बाबा,

तुम्ही जाऊन तेरा वर्षं झाली, आणि तुमाले सोडून मी बाकी साऱ्याइले लिहून राह्यली. आज दारात इलेक्शनचं पत्रक टाकून गेले. उमेदवार दुसरा, पार्टी दुसरी, फोटोतले हात तसेच जोडलेले. उभ्या उभ्या चौथं कलम वाचलं आणि पायरीवरच बसली. 'कापूस खरेदी केंद्रांबाबत योग्य वेळी योग्य निर्णय घेण्यास कटिबद्ध.' माहं वाक्य. कोणी एक शब्द बदलला नाही. तुमचा आवाज मले आता नीट आठवत नाही, खोकला तेवढा आठवते. हे वाक्य मात्र दर इलेक्शनले पत्ता विचारत घरी येते.

खासदार साहेबांचं वणीचं ऑफिस म्हणजे खताच्या दुकानावरच्या दोन खोल्या. साहेब दिल्लीत, नाहीतर नागपुरात. ऑफिसात तुम्ही, एक पंखा, आणि ते मोठं रजिस्टर. कॉलेज सुटलं की मी तिथं येऊन बसायची. लोक गाऱ्हाणं घेऊन येत, तुम्ही ते त्याइच्याच शब्दात लिहून घेत आणि वाचून दाखवत. "असंच ना?" विचारत. समोरच्यानं मान हलवल्यावरच त्याची दिल्लीची भाषा करत, लोकसभेत विचारायच्या प्रश्नासाठी. मारेगावकडची एक बाई समोर बसली आहे, पदर डोक्यावर, चपला दाराबाहेर काढलेल्या. तुम्ही वाचून दाखवता, "सरकारी केंद्र दसऱ्याले उघडत नाही, दिवाळीले घरात पैसा लागते, मंग जिनिंगवाला म्हणीन त्या भावात कापूस जाते." ती म्हणते, "जात नाही बाबू. न्यावा लागते." तुम्ही 'जाते' खोडता, 'न्यावा लागते' लिहिता, पुन्हा पहिल्यापासून वाचता. मले तेव्हा हसू येई. एवढ्याशा गोष्टीले एवढा वेळ.

मंग इलेक्शन लागलं. पत्रक लिहायचं काम माह्याकडे आलं, काहून की कॉलेजात निबंधाची बक्षिसं माह्याच नावावर होती. वर साहेबांचा परिचय, खाली दिल्लीत काय करणार त्याची कलमं. साहेबांच्या वडिलांची सरकी काढायच्या जिनिंग मिलमधी भागीदारी होती, हे वणीत लहान पोरगंही सांगीन. मी लिहिलं, 'कापसाच्या ढिगाऱ्यात खेळून मोठे झालेले.' तुम्ही चष्म्यावरून पाह्यलं. "ढीग कोनाचा होता, ते नाही लिहिलं का?" पण खोडलं नाही. कलमांची यादी तुम्ही देली, रजिस्टरातून काढून. पहिलं कलम, दसऱ्याआधी खरेदी केंद्र. साहेबांनी मान डोलावली. तुम्ही मारेगावच्या गावागावात सांगत फिरले, "औंदा घाई करू नका, पहिलं कलम हेच आहे."

छपाईच्या आदल्या दिवशी मी प्रेसमधी प्रूफ पाहाले गेलती. तिथं साहेब आले, संग जिनिंगवाले शेठ. प्रचाराच्या जीपा शेठच्या, डिझेल शेठचं, ज्या कागदावर पत्रक छापून राह्यले होते तो कागदही शेठचाच. त्याइनं प्रूफ हातात घेतलं, चहाचा घोट घेतला. "केंद्र दसऱ्याले उघडलं तं आमी काय माशा मारू, साहेब?" दोघंही हसले. रागाचं काहीच नव्हतं त्याच्यात. मंग साहेब माह्याकडे वळले. "कलम काढू नको बेटा. जरा मऊ कर. तुले जमते." त्या 'तुले जमते'वर मी गेली, बाबा. पाच मिनिटंही लागली नाहीत. पहिल्याचं चौथं केलं, तारीख काढली. शेठनं मोठ्यानं वाचलं आणि म्हणाले, "हे पोरगी तं दिल्लीत पायजे." भीती वाटली, लाज वाटली, असं लिहिलं तर बरं दिसीन. पण तसं काही झालं नाही. मले ते वाक्य आवडलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही चुलीजवळ पाटावर बसले आहात. ताटात बेसन-भाकर, मांडीवर पत्रक. आई तव्यावरून भाकर काढून राह्यली.

"योग्य वेळी म्हंजे कवा?"

"भाषा आहे बाबा. पत्रकात अशीच असते."

"त्या बाईनं मले तारीख मागतली होती," तुम्ही म्हणाले. "तू तिले भाषा देली."

ताट तसंच सारून उठले. आई म्हणाली, "अन्नावर कायले राग काढता?" तुम्ही चपला घालून निघून गेले. पण गावात जाऊन 'कलम बदललं' असं सांगतलं नाही. साहेब निवडून आले की त्याइले समजावू, असं तुमाले वाटलं असीन. का मले वाचवत होते? हे मी तुमाले विचारलं नाही. तेव्हा वेळ होता.

साहेब निवडून आले. दसरा गेला, दिवाळी गेली, केंद्राचं कुलूप तसंच. शेठच्या जिनिंगसमोर बैलगाड्या लागल्या. ज्याइनं तुमचं ऐकून कापूस धरून ठेवला, त्याइचा घरातच पिवळा पडला. ती बाई आली तेव्हा मी दुसऱ्या टेबलावर बसलेली. तिनं पत्रक तुमच्यासमोर ठेवलं, घड्या घालून घालून मऊ झालेलं.

"कापसानं घरात पाय ठेवाले जागा नाही बाबू. लेकरं ओसरीत झोपतात, आंग खाजवतात. काल सुनेनं हे वाचून दाखवलं. हे माहं बोलनं नाही. कोनं लिहिलं?"

तुम्ही माह्याकडे पाह्यलं नाही.

"म्या लिहिलं."

तिनं पत्रक उचलून पुन्हा घडी घातली. मंग म्हणाली, "तं वाचून काहून नाही दाखवलं?"

संक्रांतीनंतर तुम्ही ऑफिस सोडलं. तसंही समोरच्या खुर्चीवर कोणी बसत नव्हतं. पुढच्या पावसाळ्याआधी तुम्ही गेले. डॉक्टरनं छातीचं काही नाव सांगतलं. तुमच्या तेरवीले मारेगावहून माणसं आलती, ती बाईही आलती. पंगतीत मी तिले वरण वाढून राह्यली. तिनं माहा हात धरला. "तुह्या बापानं तेवढं एकच वाईट लिहिलं व माय. बाकी मानूस सोन्याचा." मी विचारलं, "अजून वाढू?"

त्याच्यानंतर मी ह्या गोष्टीच्या तीन कथा केल्या. एकीत ती बाई बोलते, एकीत रजिस्टर बोलते, एकीत नुसती कलमं आहेत. लोकांनी प्रयोग म्हणून वाह वा केली. कुठल्याच कथेत मी नाही. ती बाई अजून आहे म्हणतात, डोळ्याले दिसत नाही. मारेगावची बस दर तासाले आहे. मी गेली नाही. हे पत्रही कुठं जाणार नाही, आजच्या पत्रकाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहून राह्यली, जागाही सरत आली.

एक राह्यलंच. त्या साली माहं पहिलं मतदान होतं. बूथवरून आली तेव्हा तुम्ही माह्या बोटावरची शाई पाह्यली, पण कोणाले देलं, विचारलं नाही. मी साहेबाले देलं, बाबा. जीपा कोणाच्या, कागद कोणाचा, सारं माहीत असून. चौथं कलम वाचून मलेच खरं वाटलं होतं.