मनोरा ओढायला गेले तेव्हा

५ सप्टेंबर २०१५

माझं नाव लागलं! आमच्या गावच्या, हिरोसाकीच्या किल्ल्याचा मनोरा ओढायला — वीस तारखेला, रविवारी. खालचा दगडी तट फुगलाय. तो उकलून पुन्हा रचायचा, म्हणून अख्खा तीन मजली मनोरा रुळांवरून बाजूला सरकवताहेत. दोरखंड धरायला लोकांना बोलावलंय. सदुसष्टाव्या वर्षी किल्ला ओढणार मी!

सेंदाईहून जाऊन राहायचं कुठे पण? स्टेशनजवळचं हॉटेल — पलंग, लिफ्ट, खिडकीबाहेर वाहनतळ. नाहीतर खंदकापलीकडची कुदोबाईंची जुनी लॉज — जमिनीवर गादी, सामाईक न्हाणीघर. दादाचं घरही आहे, सफरचंदांच्या बागेत, अर्ध्या तासावर. ते नाही! आईच्या अंत्यविधीला त्यानं सगळ्यांदेखत सुनावलं — “आजारपणात तोंड दाखवलं नाहीस. जा, सेंदाईतच मर!” एकोणीस वर्षं झाली. मीही काही कमी बोलले नव्हते.

६ सप्टेंबर

हॉटेल ठरवलं.

७ सप्टेंबर

हॉटेल रद्द. उगाच कुदोबाईंना फोन केला आणि तिकडचे हेल कानावर पडले. “एकट्याच? मग कोपऱ्यातली खोली देते. किल्ला दिसत नाही, पण माझी बडबड ऐकू येते!”

१९ सप्टेंबर

गाडीतून इवाकी डोंगर दिसला. ढग नाही, काही नाही. डब्यातली माणसं बोलायची थांबली. रोज बघणारीसुद्धा!

कुदोबाईंनी माकूळ कुटून केलेले वडे वाढले. आईसारखे — कडेला जरा करपलेले. “पाहुण्यासारखं खाऊ नका हो, अजून आहेत,” म्हणाल्या. सहा खाल्ले.

२० सप्टेंबर

कसं लिहू?

लहानपणी मनोरा खंदकाच्या पुलावरून मान वर करून बघायचा, एवढंच माहीत. आज तो तटावरून उचललेला, लोखंडी रुळांवर उभा. खालून तुळया दिसत होत्या. दोनशे वर्षांत ऊन न बघितलेलं लाकूड! किल्ल्याचं पोट बघावं तसं बघत राहिले.

आम्ही शंभरेक जण. हातमोजे दिले. माझ्यापुढे एक म्हातारे गृहस्थ, काठी बायकोकडे दिलेली. आरोळी उठली, सगळ्यांनी जोर लावला. दोर ताठ झाला, तळव्यात थरथरला. काहीच घडलं नाही. पुन्हा आरोळी. मग आतून लांब कण्हल्यासारखा आवाज आला — आणि छपराची कड आभाळावरून सरकली. बोटभर! माझ्या डोळ्यांदेखत!

कुणी ओरडलं नाही. टाळ्यासुद्धा उशिरा वाजल्या. म्हातारे मागे वळून म्हणाले, “हलला ना हो? मला नीट दिसत नाही.” “हलला,” म्हटलं. दोघंही रडत होतो, आणि एकमेकांची नावंसुद्धा माहीत नव्हती.

दुपारभर किल्ल्याच्या बागेतल्या बाकावर बसून राहिले.

२१ सप्टेंबर

दादाला फोन केला. नंबर अजून पाठ होता.

“कोण?”
“हिसाए. गावी आलेय.”
“कुठं उतरलीस?”
“कुदोबाईंकडे, खंदकापाशी.”
“का? माझ्या घराला काय छप्पर नाही?”
आणि त्यानं फोन ठेवून दिला!

२२ सप्टेंबर

सकाळी सातला दारात त्याचा छोटा ट्रक. दादा केवढासा झालाय! माझी बॅग उचलताना धाप लागली. “चल. गार होईल,” म्हणाला. काय गार होईल, ते सांगितलं नाही. घरी पोचल्यावर कळलं — सूप केलं होतं. त्यानं, स्वतः! मी विचारलं, “वहिनी कुठाय?”

देव्हाऱ्यात तिचा फोटो. तिला जाऊन दोन वर्षं झाली.

“कळवलं का नाहीस?”
“तू आली नसतीस तर? ते मला झेपलं नसतं.”

२७ सप्टेंबर

शुक्रवारीच परतायचं होतं. पण फळांना ऊन लागून लाली यावी म्हणून भोवतीची पानं खुडायचं काम चाललंय. शिडीवर मी, खाली दादा — “अगं, पानं खुड! सफरचंदं नकोत!” माणसं मिळत नाहीत, असं आज चौथ्यांदा म्हणाला. माझ्याकडे न बघता.

शिडीवरून सगळी बाग, तिच्यावर डोंगर. खाली उतरायचंच विसरले.

३ ऑक्टोबर

सेंदाईच्या घरमालकाला फोन केला. महिनाअखेरीस घर रिकामं करतेय.