न मागितलेली माफी

शेगाव

प्रिय मावशी,

तुला जाऊन दोन वर्षं झाली आणि पत्र आज लिहितोय, कारण उद्याच्या टपालानं तू पुण्याला जायची आहेस. माझ्या कथेतून! मासिकाच्या संपादकांना तू आवडलीस, पण शेवट बदला म्हणाले. बाईला पश्चात्ताप होऊ द्या, नाहीतर वाचक तिला माफ करणार नाहीत. आम्ही मध्यप्रांत-वऱ्हाडातले शाळामास्तर, पुण्यात कथा छापून येणार म्हणजे केवढं अप्रूप!

बदलला शेवट. आता तू गंगूचे पाय धरून रडतेस. तेव्हापासून माझं कशातच लक्ष नाही. वर्गात फळ्यापुढे उभा राहतो तर तूच दिसतेस, कपाळाला आठ्या घालून.

अख्ख्या वरवट बकाल गावच्या सोयरिकी तू जुळवल्यास. "शंभर खोटं बोला, पण एक लगन जुयवा," म्हणायचीस आणि आम्ही हसायचो. पण गंगूचं लग्न जुळवलंस तेव्हा तिच्या नवऱ्याला फेफरं येतं हे तुला ठाऊक होतं ना गं? का लपवलंस? लग्न झालं की फेफरं जातं, असं तेव्हा सगळेच म्हणत. तुलाही ते खरं वाटत होतं, की सोयरीक मोडू नये म्हणून तू तसं मानून घेतलंस?

वर्षाच्या आत तो विहिरीच्या काठावर फेफरं येऊन आत पडला. गंगूला माहेरानं दार लावलं, तेव्हा तू तिला घरी आणलंस आणि शेवटपर्यंत सांभाळलंस. पण त्या गोष्टीबद्दल अवाक्षर काढलं नाहीस. मला त्याचा अजून राग येतो.

परवा वरवटला जाऊन गंगूला कथा वाचून दाखवली. तिच्या दुःखावर लिहायचं आणि तिलाच विचारायचं नाही? शेवट ऐकताना सुपातले दाणे निवडायची ती थांबली.

"हे कोण बाई हाय, भाऊ?" तिनं विचारलं. "तुमची मावशी कधी रडली नाही. मी लय वाट पाह्यली. माह्या भाकरीले रोज नावं ठेवे, अन् पहिली भाकर मलेच वाढे. तिनं जे केलं थे लिवा. पण जे मले भेटलं नाही, थे कागदावर काऊन देता?"

पानं गुंडाळली आणि परत आलो.

मावशी, ते रडणं मी आत्ताच खोडलंय. लपवलेलं फेफरं राहील, पहिली भाकरही राहील. कथा छापोत की परत पाठवोत, माफी तुझ्या तोंडी घालणार नाही, हा माझा शब्द. ती तूच मागायची होतीस गं. गंगू वाट पाहत होती.

तुझा,
बापू